चित्रातला तारपा, गाण्यातला बोंगो

वारली चित्र आज कोणाला अपरिचित राहिलेले नाही. साडीच्या पदरावर, चहाच्या कपावर, शासकीय इमारतींच्या भिंतींवर ते असते, आणि पुष्कळदा त्यातला एकच प्रसंग निवडलेला असतो: मध्यभागी लांब वाद्य तोंडाला लावलेला एक माणूस आणि त्याच्याभोवती एकमेकांना धरून नाचणाऱ्या त्रिकोणी देहांचे सर्पिल कडे. ते वाद्य म्हणजे तारपा. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांतून निघून हे चित्र जगभर पोचले. मात्र ज्यांनी ते पाहिले त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तारपा ऐकलेला असतो.

बोंगोचे नेमके उलट झाले. चित्रपटगीतांवर वाढलेल्या आपल्या कानांना बोंगो, कोंगा, मराकस, रेसोरेसो यांचे आवाज घरचे वाटतात. नावे ठाऊक नसली तरी आवाज ओळखीचे असतात. पण ही वाद्ये कोणी घडवली, कुठे घडवली आणि कोणत्या परिस्थितीत घडवली, हा प्रश्न आपल्या मनाला सहसा शिवत नाही. तारप्याचे चित्र प्रवासाला निघाले आणि आवाज मागे राहिला. बोंगोचा आवाज आला आणि त्याची माणसे मागे राहिली. हे दोन अपुरे प्रवास एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, तर वाद्यांच्या इतिहासातून नेमके काय गळून जाते ते अधिक स्पष्ट दिसेल असे वाटते.

सुरुवात भोपळ्यापासून करावी लागेल. तारप्याचा फुगीर भाग वाळवलेल्या दुधी भोपळ्याचा असतो. त्यात बांबूच्या नळ्या मेणाने बसवतात, आणि पुढचा कर्णा ताडाच्या पानांचा गुंडाळतात. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो आणि सूर तुटू देत नाही. वारल्यांचे दुसरे महत्त्वाचे वाद्य घांगळी. धान्याची देवता कणसरी, तिच्या पूजेची गाणी घांगळीच्या साथीने म्हणतात. बांबूच्या दांड्याला दोन भोपळे आणि वर तारा, अशी तिची रचना असते. आता नजर क्यूबाकडे वळवली, तर तिथे खाचा पाडलेला लांबट भोपळा काडीने घासून वाजवतात, तो ग्विरो. मणी ओवलेल्या जाळीत गुंडाळलेला आणि हलवून, थोपटून वाजवला जाणारा भोपळा म्हणजे चेकेरे. ब्राझीलमध्ये धनुष्याला बांधलेला भोपळा म्हणजे बेरिंबाऊ. या वाद्यांसाठी स्थानिक सोयीनुसार इतर फळेही वापरली जातात. पण त्यांतला मुख्य वेल तोच आहे, जो आपल्या परसात मांडवावर चढतो. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते हा वेल मूळचा आफ्रिकेचा. अमेरिका खंडात तो दहा हजार वर्षांपूर्वीच पोचला होता, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याची वाळलेली फळे अटलांटिकच्या प्रवाहांवर तरंगत गेली असावीत. म्हणजे आफ्रिकेतली माणसे जहाजांच्या तळाशी कोंबून पलीकडच्या किनाऱ्यावर उतरवली गेली, तेव्हा त्यांच्या ओळखीचा भोपळा तिथे आधीच पोचलेला होता. भोपळा आपणहून गेला आणि माणसांना बळजबरीने नेले गेले, हा फरक मात्र विसरता येणार नाही.

या दोन किनाऱ्यांना जोडणारा आणखी एक धागा आहे, तो राज्यसत्तेचा. सोळाव्या शतकापासून १७३९ साली मराठ्यांनी हा मुलूख जिंकून घेईपर्यंत डहाणूचा किनारा पोर्तुगीजांकडे होता. ब्राझीलमधला बाईया प्रांतही त्याच काळात त्याच लिस्बनच्या ताब्यात होता. तलासरीला लागून असलेल्या दादरा-नगरहवेलीतल्या वारल्यांवर तर १९५४ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेतली गुलाम माणसे दोन्ही दिशांना नेत असत: पश्चिमेला फार मोठ्या संख्येने, पूर्वेला दमण, दीव, गोवा इकडे त्या मानाने कमी. अरबी समुद्रावरचा गुलामांचा व्यापार पोर्तुगीजांच्याही आधीपासूनचा होता. या पूर्वेकडच्या वाटेची खूण आजही ऐकू येते. तलासरीहून महामार्गाने उत्तरेला गेले की भरूच जिल्हा लागतो. तिथे रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे, आणि गुजरातच्या सिद्दी समाजात मलुंगा नावाचे एक वाद्य आहे: धनुष्य, तार आणि भोपळा. अटलांटिकपलीकडच्या बेरिंबाऊचे हे सख्खे भावंड म्हणावे इतके साम्य आहे. त्याच समाजात मुगरमान हा उभा ढोलही हातांनी वाजवला जातो.

इथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. घांगळी, मलुंगा आणि बेरिंबाऊ यांत भोपळा आहे म्हणून वारली आणि आफ्रिकी परंपरा एकाच मुळाच्या, असा निष्कर्ष काढणे सोपे आणि चुकीचे ठरेल. घांगळीचे घर सह्याद्रीच्या उतारावरचे आहे. भोपळ्याच्या पोकळीतून आवाज मोठा होतो, हे ज्ञान माणसांना अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे झालेले असू शकते. तुलना करायचीच, तर ती वंशाची न करता परिस्थितीची करावी. ज्यांच्या श्रमावर दुसऱ्याची मालकी होती, त्यांनी हाताशी असलेल्या वस्तूंतून नाद कसा उभा केला, हे पाहावे.

क्यूबात हे फार स्पष्ट दिसते. हवानातल्या जहाजबांधणीच्या गोदीत फळ्या जोडण्यासाठी कठीण लाकडाच्या खुंट्या वापरत. त्या खुंट्यांपासूनच क्लावे हे वाद्य आले असे मानले जाते. ढोलांवर बंधने आली तेव्हा मालाची खोकीच ढोल झाली. खारवलेल्या माशांची मोठी पेटी खर्जासाठी आणि मेणबत्त्यांची लहान पेटी वरच्या आवाजासाठी. या पेट्यांनाच काहोन म्हणतात. बोंगो वाजवताना अखंड चालणाऱ्या मूळ बोलाचे नाव आहे मार्तिय्यो, म्हणजे हातोडा. वाद्यांच्या अंगावर आणि त्यांच्या परिभाषेतही कामाच्या जागेच्या खुणा आहेत.

क्लावे म्हणजे दोन लाकडी दांड्या. एक दांडी डाव्या हाताच्या वाकवलेल्या बोटांवर सैल ठेवायची, तळहाताची पोकळी तिच्याखाली राखायची आणि दुसरीने तिच्यावर आघात करायचा. घट्ट धरली तर आवाज मरतो. तिच्यावर वाजणारा आकृतिबंध सोळा सूक्ष्म मात्रांचा मानला, तर आघात पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर येतात. आधी तीन, मग दोन. रुंबा प्रकारात तिसरा आघात एका मात्रेने पुढे सरकतो, सातव्याऐवजी आठव्यावर येतो, आणि तेवढ्याने चालीचा तोल बदलतो. आपल्या तालव्यवस्थेत समेला जे स्थान आहे, ते इथे कोणत्याही एका मात्रेला नाही. वादक समेवर परत येत नाही. पाच आघातांच्या त्या सांगाड्याच्या आत राहतो. सांगाडा कधी प्रत्यक्ष वाजतो, कधी वाजतच नाही, पण प्रत्येक वादक तो मनात धरून असतो. क्लावे सोडून वाजवणे हा तिथे बेसूर होण्याइतकाच मोठा दोष समजतात.

बोंगोची जोडी गुडघ्यांत धरतात. लहान ढोल नर, मोठा मादी. बोटांच्या टोकांनी आणि अंगठ्याच्या कडेने मार्तिय्योचा अखंड बोल धरायचा आणि मधूनमधून त्यातून निसटून गायकाला उत्तर द्यायचे. कोंगा, म्हणजे तिथल्या भाषेत तुंबादोरा, हा उंच पिंपासारखा ढोल. त्याच्या कातड्यावर हात कुठे आणि कसा पडतो त्यावर आवाज ठरतो. काठावर बोटे टेकवून लगेच उचलली तर खुला नाद, तळहात मध्यावर टाकला तर खर्ज, बोटे किंचित वाकवून झटक्याने मारली तर चाबकासारखी थाप, आणि हात कातड्यावरच दाबून ठेवला तर मिटलेला आवाज. रुंबात असे तीन ढोल असतात. दोन खालचे ढोल आपापले बोल धरून ठेवतात आणि सर्वांत वरचा, किंतो, नाचणाऱ्याशी बोलतो. नर्तकाचा खांदा हलला की किंतोने तो हेरायचा असतो. तारप्याच्या नाचात हा संबंध उलटा आहे. तिथे वादक मधोमध असतो, नाचणारे त्याला पाठ दाखवत नाहीत, आणि त्याने चाल बदलली की कड्याची पावले बदलतात. तारपा हे शास्त्रानुसार फुंकून वाजवायचे वाद्य. पण नाचात तालाची सूत्रे त्याच्याकडे असतात आणि ताल प्रत्यक्षात वाजतो तो जमिनीवर, पावलांनी.

ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे उतरवली गेली, जगातल्या इतर कोणत्याही देशापेक्षा अधिक. क्यूबात गुलामगिरी १८८६ साली आणि ब्राझीलमध्ये १३ मे १८८८ रोजी कायद्याने संपली. पण संशय संपला नाही. १८९० च्या ब्राझीली दंडसंहितेने कापोएरा हा गुन्हा ठरवला. कापोएरा म्हणजे नृत्य, खेळ आणि झुंज यांचा मिलाफ, आणि त्याची लय ठरवणारे वाद्य बेरिंबाऊ. ते वाजवण्यात एकाच वेळी चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. डाव्या हाताच्या करंगळीवर सगळ्या धनुष्याचा भार, त्याच हाताच्या बोटांत तारेला टेकवायचा गोटा किंवा नाणे, उजव्या हातात बारीक काडी आणि तिच्याबरोबरच वेताचा छोटा खुळखुळा. भोपळ्याचे तोंड पोटाशी आणले की आवाज मिटतो, दूर नेले की उघडतो. म्हणजे वादकाचे पोटही वाद्याचा भाग होते.

सांबाच्या इतिहासात जुआंव दा बायाना या वादकाची एक गोष्ट सांगितली जाते. १९०८ च्या सुमारास पोलिसांनी त्याचा पांदेइरो, म्हणजे झांजा बसवलेली डफली, जप्त केला. तेव्हा त्याचा चाहता असलेल्या एका सिनेटरने त्याला नवा पांदेइरो दिला आणि त्यावर आपल्या नावानिशी मजकूर लिहिला, जेणेकरून पुन्हा कोणी तो हिसकावू नये. एका डफलीला सत्ताधाऱ्याच्या सहीचे संरक्षण लागावे, यात त्या काळाचे सगळे सार आहे. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस रिओमध्ये सांबा मंडळे उभी राहिली, तेव्हा सुर्दो हा सांबाचा मोठा खर्जाचा ढोल लोण्याच्या मोठ्या डब्यापासून तयार केला गेला, असे सांगतात. या सुर्दोचा जड ठोका दुसऱ्या मात्रेवर पडतो. मिरवणुकीतल्या शेकडो वाद्यांना तोच चालवतो. त्याच ताफ्यात कुईका असते. तिच्या कातड्याला आतून एक बारीक काडी बांधलेली असते. ओल्या फडक्याने ती काडी आतून घासायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने कातडे बाहेरून दाबत राहायचे, की ढोल हुंदके दिल्यासारखा किंवा खिदळल्यासारखा बोलतो. कुईकाबद्दल वाचताना आपल्याकडच्या थाळगानाची आठवण होते. जव्हार, सुरगाणा, डांग या पट्ट्यात कोकणा समाजातले कथेकरी काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि ती बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढत राहतात. थाळी अखंड गुंजत राहते आणि त्या गुंजनावर कथा रात्रभर चालते. काडीच्या घर्षणाने दुसऱ्या पृष्ठभागाला बोलते करण्याची ही युक्ती दोघांनीही एकमेकांना न भेटता साधली.

आता डहाणू-तलासरीकडे परत येऊ. या भागातले वारली कायद्याने गुलाम नव्हते; पण ज्याला वेठ म्हणत, ती व्यवस्था गुलामगिरीपासून फार दूर नव्हती. जमीनदार बोलावील तेव्हा मजुरीशिवाय राबायचे. त्याहून भयंकर लग्नगडी ही पद्धत. लग्नासाठी कर्ज घेतलेला तरुण आणि त्याची बायको, दोघेही सावकाराच्या घरी बांधले जात, आणि कर्ज बहुधा कधीच फिटत नसे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. तिथे वेठ करायची नाही असा निर्धार झाला आणि त्यानंतर लग्नगडी आपापल्या घरी परतू लागले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्याची कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरीबाईंनी लिहिली. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हीच वर्षे वारली चित्राच्या प्रवासाच्या प्रारंभाची आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. लग्नाच्या वेळी सुवासिनींनी भिंतीवर काढायची चित्रे कागदावर उतरू लागली आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे नाव सर्वदूर झाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांतला तारप्याचा नाच हा केवळ अलंकार नव्हता. भाताचे नवे पीक हाती येण्याच्या दिवसांत, दिवाळीच्या आसपास, जे प्रत्यक्ष घडते आणि ऐकू येते, त्याचे ते चित्र होते. पण छापील पदरावर ते आले तेव्हा त्यातून ऋतू गेला, भात गेले, सूर गेला आणि ज्या माणसांनी पंचवीस वर्षांपूर्वी वेठ नाकारली होती ती माणसेही गेली. उरला एक सुबक आकार. एकाच दशकात मराठी वाचकाला वारल्यांचा लढा पुस्तकातून आणि वारल्यांचा नाच चित्रातून मिळाला, आणि तरीही या दोन्ही गोष्टी एकाच माणसांच्या आहेत हे आपण क्वचितच एकत्र मनात आणले.

मुंबईत दुसरा प्रवास याच्याही आधी सुरू झाला होता. १९३० साली हवानाच्या एका वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या शेंगदाणेवाल्याच्या गाण्याने रुंबाचे वेड जगभर पसरवले. लंडनच्या नृत्यगृहांतून, ध्वनिमुद्रिकांतून ते मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत पोचले. तिथे वाजवणारे गोव्याचे आणि पारशी वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणालाही जात. कावस लॉर्ड यांनी बोंगो, कोंगा अशी लॅटिन अमेरिकी तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजवली. पुढे त्यांचे पुत्र केर्सी आणि बुजी यांनीही या क्षेत्रात नाव मिळवले. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ‘समाधी’ (१९५०) मधल्या एका गाजलेल्या गाण्यासाठी एडमंडो रॉस यांच्या वाद्यवृंदाने लोकप्रिय केलेल्या लॅटिन गीताची चाल घेतली. लगेच पुढच्या वर्षी ‘अलबेला’त बोंगो आणि ट्रंपेट दणाणले. संगीतात त्यांना गोव्याच्या आल्दोन्याचे चिक चॉकलेट यांची साथ होती, आणि पडद्यावर नाचत होते गिरणी कामगाराचे पुत्र भगवानदादा. पुढे राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात अमृतराव काटकर रेसोरेसो वाजवू लागले. ब्राझीलमध्ये ज्याला रेकोरेको म्हणतात, त्या खाचांच्या वाद्याचे हे मुंबईतले नाव. या वादकाच्या हातात ते इतके मुरले की ते परके आहे हे ऐकणाऱ्याला आठवूच नये.

ही उसनवारी म्हणून हिणवण्याचे कारण नाही. मुंबईच्या वादकांनी बोंगोला कहरव्याच्या चौकटीत बसवले, तबल्या-ढोलकाशेजारी त्याला जागा दिली, आणि त्यातून तिसरेच काही तयार केले. क्लावेचा सांगाडा मात्र बहुतेक वेळा मागे राहिला. आवाज आला, त्यामागची शिस्त आली नाही. गोदी आली नाही, माशांची खोकी आली नाहीत, जप्त केलेला पांदेइरो आला नाही. पडद्यावर बोंगो वाजला की क्लबमधले नृत्य आणि रंगीत दिवे दिसत. जसा साडीवरचा तारपा, तसाच क्लबमधला बोंगो. दोन्ही आपापल्या इतिहासातून सुटून आलेले.

या सुटण्याला आपल्या समीक्षेच्या भाषेनेही हातभार लावला आहे. तारप्यासाठी आणि आफ्रिकी ढोलांसाठी आपण सहजपणे एकच विशेषण वापरतो: ‘आदिम’. आदिम नाद, आदिम लय, आदिम ऊर्जा. हे विशेषण गौरवाच्या हेतूने येते, पण ते काळाच्या बाहेर ढकलते. खुंटीची क्लावे, पेटीचा काहोन, डब्याचा सुर्दो ही बंदरांची, मळ्यांची आणि शहरांची, म्हणजे आधुनिक काळाची वाद्ये आहेत. सातव्या मात्रेवरचा आघात आठव्यावर नेणे ही सहजप्रेरणा नसून विद्या आहे. नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवणे हीही वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारी विद्याच आहे. ज्याला आपण आदिम म्हणतो त्याला गुरू नसतो, तारीख नसते आणि मालकाशी झालेला झगडाही नसतो. म्हणून ते विशेषण वापरणाऱ्याला सोयीचे पडते.

साहित्याच्या वर्गात ‘जेव्हा माणूस जागा होतो’ शिकवले जाते तेव्हा लढ्याची कारणे, निवेदनाची शैली, लेखिकेची भूमिका यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. त्या तासाला एकदा तारप्याचे ध्वनिमुद्रण ऐकवावे असे सुचवावेसे वाटते, आणि चित्रपटगीतांतला बोंगो ऐकवताना १८८६ आणि १८८८ ही दोन वर्षे फळ्यावर लिहावीत. एवढ्याने विद्यार्थी तालवाद्यांचे जाणकार होणार नाहीत. पण पुढच्या वेळी कपावरच्या त्या सर्पिल कड्याकडे पाहताना, मधोमध उभा असलेला माणूस श्वास कुठून घेत असेल, असा प्रश्न त्यांना पडला तरी पुष्कळ झाले.